इंजिन बसलं

"इंजिन बसलं," असं बाबांनी नागपूरच्या काकांना फोनवर सांगितलं आणि काकांनी तिकडून अभिनंदन केलं. नागपुरात इंजिन बसतं ते गाडीत. आणून, ठेवून, बोल्ट आवळले की ते बसलं. आमच्या जबलपुरात हिंदीच्या संगतीत राहून मराठी शब्दांना वेगळ्या सवयी लागल्या आहेत. इथं इंजिन बसतं म्हणजे मरतं. काका विचारत होते, आता ॲव्हरेज किती देते, आवाज कसा आहे. बाबा फोन कानापासून लांब धरून आमच्याकडे पाहत राहिले. शेवटी आईनं फोन घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, बसलं नाही. गेलं."

गाडी म्हणजे जुनी, लांब, दहा माणसं कोंबता येतील अशी डिझेल जीप. हल्ली अशा गाड्यांना एसयूव्ही म्हणतात आणि त्यांच्यात गार हवा येते. आमच्या गाडीतही हवा यायची, दाराच्या फटीतून. बाबा फौजी ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होते आणि त्याहून जास्त वेळ युनियनमध्ये होते. निवृत्तीनंतर त्यांनी ठेकेदारीवरच्या कामगारांचं काम हाती घेतलं. दर रविवारी गाडीत माइक, दोन भोंगे आणि पत्रकांचे गठ्ठे भरायचे आणि कारखान्यांच्या फाटकांवर फिरायचं. मी मागच्या बाकावर. समोर बाबा, एकटे, कारण शेजारच्या सीटवर माइकची बॅटरी असे.

मी पत्रकांवर वाढले. लहानपणी झोप आली की त्याच गठ्ठ्यांवर मला आडवं करत. अक्षरओळख झाली ती 'साथियों' या शब्दावर. पुढे कॉलेजात गेल्यावर पत्रकं मीच लिहू लागले, हिंदीत, कारण वाचणारे हिंदीत वाचत. मराठी घरात होती. आजोबा अमरावतीकडून इथं नोकरीला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. नंतर राज्यांची वाटणी झाली, रेघ ओढली गेली, आणि आम्ही रेघेच्या या बाजूला राहिलो. त्यामुळे फाटकावर भाषण करणारे बाबा सगळ्यांचे होते आणि मराठी बोलणारे बाबा फक्त आमचे. आईशी ते कामापुरतं बोलत. म्हणजे खरं तर ते माझे होते.

कुंडमच्या रस्त्यावर एका सभेहून परतताना रेडिएटरचा पाइप फुटला. तापमान दाखवणारा काटा कित्येक वर्षांपासून मेलेला होता. काहीतरी जळून राहिलं, असं त्या दिवशी सोबत आलेली आई सांगत होती. बाबांना वाटलं, शेतात कोणी पराटीची धसकटं पेटवली. मग बॉनेटखालून असा आवाज आला की जणू कोणी लोखंडी पेटी जिन्यावरून सोडली, आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. गोहलपुरात बाबांच्या ओळखीचा जुना मिस्त्री होता. त्यानं झाकण उघडलं, आत बघितलं आणि हात पुसत म्हणाला, "बाबूजी, ये अब इंजन नहीं रहा, लोहा है।" ब्लॉकला तडा गेला होता. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसरं इंजिन आणून टाकायचं, नाहीतर गाडी भंगारात द्यायची.

भंगाराचा विषय निघाला तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. जन्मभर ट्रकमध्ये इंजिनं टाकली, म्हणाले, आता स्वतःच्या गाडीचं दुसऱ्याच्या बाकावर बसून बघू काय? इंजिन अंगणात बदलायचं ठरलं. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती माझ्यासाठी जास्त मोठी होती. नेपियर टाउनच्या डॉक्टरनं त्यांचा डावा गुडघा पाहून क्लच दाबायची बंदी केली होती. "हे इंजिन लागलं की मी स्टिअरिंग सोडीन," ते म्हणाले. "गाडी पुढच्यानं चालवायची."

पुढचं कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायचं काय होतं? घरात मूल मी एकटीच. मला गाडी येत नव्हती, पण ती मला अडचण वाटली नाही. ती चालवण्याचा हक्क मिळणं हा एक भाग आणि चालवता येणं हा नंतरचा. मी मनातल्या मनात त्या सीटवर बसूनही पाहिलं. माइकची बॅटरी कुठं ठेवायची ते ठरवलं. शेजारच्या सीटवर बाबा बसतील, आणि फाटकापर्यंतचा सगळा रस्ता आम्ही मराठीत भांडत जाऊ.

दुसऱ्या सकाळी ती आली.

ती म्हणजे बाबांच्या एका जुन्या सोबत्याची मुलगी, इंजिन बदलायला त्यांनी बोलावलेली. तिचे वडील त्याच कारखान्यात तयार झालेले ट्रक चालवून तपासायचे. आदल्या उन्हाळ्यात ते वारले होते. ती आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झाली होती आणि राइट टाउनच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये काम करत होती, जिथं तिला गाड्या फक्त धुवायला देत म्हणून तिनं नुकतंच भांडून काम सोडलं होतं. माझ्याच वयाची. केस कापलेले, आवाज मोठा, शिट्टी त्याहून मोठी. फाटक उघडून आत येताना तिनं गाडीकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली, जशी पोरं मुलींकडे पाहून वाजवतात. "चाचा, ये तो रानी है," ती म्हणाली.

बाबा लाजले. मी त्यांना कधी लाजताना पाहिलं नव्हतं.

मला ती 'दीदी' म्हणू लागली. एका वयाच्या मुलीनं दीदी म्हणावं यात मान नसतो, अंतर असतं. मग तिला कळलं की पत्रकं मी लिहिते, तेव्हा 'लेखिका दीदी' झालं. "लेखिका दीदी, ज़रा सत्रह नंबर का पाना देना।" मी अठराचा दिला. तिनं तो न बघता परत केला.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. जळणं हा शब्द मला ऐकून पाठ आहे. ठेकेदार नेहमी म्हणतो की हे कामगार पक्क्या नोकरीवाल्यांवर जळतात. जो आपल्या वाट्याचं मागतो त्याला जळकुटा म्हटलं की प्रश्न संपतो, मागणाराच शरमेनं खाली बघतो. मी त्यावर एक अख्खं पत्रक लिहिलं होतं. त्यामुळे अंगणात उभी राहून मी जळत होते तेव्हा मला त्याची लाज वाटली नाही. माझ्या वाट्याचं कोणीतरी नेत होतं आणि ते मला दिसत होतं.

मी एक जागा शोधली जिथं मी तिच्या वर उभी राहू शकेन. गोहलपुरातल्या भंगारवाल्याकडून जुनं इंजिन घ्यायचं होतं. मी बाबांना म्हटलं की चोरीच्या गाडीतून काढलेलं इंजिन आपल्या गाडीत बसणार नाही. ज्या गाडीतून आपण न्यायाच्या गोष्टी करतो तिच्या पोटात कोणाची तरी चोरलेली वस्तू नको. बोलणं चांगलं जमलं होतं. बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हेच तीही म्हणून राहिली. काल जाऊन आली ती. नंबर पाहून, आरटीओत विचारून आली." अपघातात चेपलेल्या एका गाडीचं इंजिन होतं, मालकानं रीतसर विकलेलं. तत्त्वाच्या गोष्टीतसुद्धा ती माझ्या आधी पोचली होती, आणि त्याबद्दल एक शब्द न बोलता.

जुनं इंजिन काढायला आठवडाभर गेला. बॉनेट उतरवलं, रेडिएटर काढला, तारा सोडवल्या. प्रत्येक तारेला बाबांनी रंगीत सुतळी बांधायला लावली. बाबा स्टुलावर बसून सांगत, ती करत असे, आणि मी हातात वस्तू देत असे. आईच्या चिवड्याचा डबा रोज तिच्यासमोर ठेवला जाई आणि ती तो तेलकट बोटांनी संपवत असे. बाबांशी ती वाद घालायची. हा बोल्ट आधी काढायचा की तो, यावर दोघं इतकं बोलायचे की शेजारी खिडकीत येत. "चाचा, आप लोग सन साठ के ट्रक खोले हो, अपन को भी कुछ आता है।" एकदा घाईनं तिनं एक्झॉस्टचा स्टड मोडला. मला वाटलं, आता ऐकावं लागेल तिला. बाबा हसले आणि म्हणाले की हा स्टड माझ्या उस्तादानंही मोडला होता. त्याच दुपारी माझ्या हातून पाना निसटून रेडिएटरच्या जाळीवर पडला. दोन-चार पत्त्या वाकल्या. बाबांनी फक्त चक् केलं. ते चक् मी रात्रीपर्यंत ऐकत होते.

"तू काहून जळून राहिली?" आईनं स्वयंपाकघरात विचारलं.

मी म्हटलं, जळत नाही, मला फक्त कळत नाही की तिच्या चुका गमतीच्या आणि माझ्या नुकसानीच्या कशा.

आईनं कणीक तिंबता तिंबता बाहेर पाहिलं. "कोणीतरी प्रश्न विचारून राहिलं बाप्पा त्यांना. तू तर नुसती उत्तरं देतेस."

मी ते ऐकून घेतलं. पटलं नाही.

माझ्याकडे एक वस्तू होती जी तिच्याकडे नव्हती, आणि ती म्हणजे मराठी. तिला ती अर्धवट समजायची, बोलता यायची नाही. काम अवघड झालं की बाबा आपोआप मराठीत यायचे, आणि ते मराठी वाक्य माझ्यासाठी असायचं. "हे बघ", "धर", "तिकडून बघ जरा". ती तेव्हा मान वर करून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहायची. मी मुद्दाम लांब मराठी उत्तरं देत असे. विनाकारण. साध्या 'हो'च्या जागी तीन वाक्यं.

मग ते इंजिन टाकायचा दिवस आला. मिस्त्रीकडून लोखंडी पाइपांचं तीन पायांचं तिकाटणं आणि चेन कुप्पी आणली होती. चेन कुप्पी म्हणजे साखळीची मोठी कप्पी. एका बाजूची साखळी ओढली की इंजिन चढतं, दुसऱ्या बाजूची ओढली की उतरतं. साखळी माझ्या हातात दिली होती. ते एक काम मला जमत होतं, आणि मी ते कुणाला देणार नव्हते. दुसऱ्या इंजिनात तेल आधीच भरलेलं होतं, कारण बाबांना ते जमिनीवर हातानं फिरवून बघायचं होतं. इंजिन तिकाटण्याला लटकलं, गाडीच्या पोटात उतरलं, आणि तिथं अडकलं. गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटच्या भोकात शिरेना. ती गाडीखाली उताणी पडून बघत होती. बाबा मडगार्डला रेलून वरून बघत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"जरा खाली," बाबा म्हणाले. मी उतरायची साखळी एक कडी ओढली. "अजून खाली." ओढली. "अजून. अजून खाली कर. पूर्ण खाली."

गाडीखालून तिचा आवाज आला. "पूरा, चाचा?"

"हो, हो. पूर्ण."

मी साखळी ओढत होते तेवढ्यात खालून गळल्याचा आवाज आला. आधी थेंब, मग धार. मग तिची किंकाळी, मग शिव्या, सगळ्या जबलपुरी. ती सरपटत बाहेर आली तेव्हा तिच्या केसांतून तेल ओघळत होतं. बाबा मला इंजिन खाली घ्यायला सांगत होते. तिनं ते हिंदीत ऐकलं. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. तिनं तेलाच्या टाकीचा नट उघडून इंजिन रिकामं केलं होतं, अख्खं, आपल्याच तोंडावर.

अंगणात काळं तळं झालं. आईची तुळस त्याच्या काठावर होती. आणि मला खरंच आनंद झाला. तो इतका साधा आणि स्वच्छ आनंद होता की त्याच्यात मला दुसरं काही दिसलं नाही. आता तिला कळेल, मला वाटलं. या घरात आमची एक भाषा आहे आणि तिच्यात तिला जागा नाही.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तळ्याकडे, मग ते स्टुलावर बसले आणि हसायला लागले. हसताना त्यांचा गुडघा दुखत होता, तो धरून हसत होते. तीही हसायला लागली, तेलानं भरलेल्या तोंडानं. "गलती मेरी है बिटिया," ते म्हणाले. "मैं मराठी में बोल गया।" मग त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, आणि तेसुद्धा हिंदीत सांगितलं, की आजपासून गाडीजवळ कोणी मराठी बोलणार नाही. कोणाचा हात सापडला असता.

ते बरोबर होतं. हात खरंच सापडला असता. त्या नियमाविरुद्ध माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता, आणि मुद्दा नसताना गप्प बसणं मला शिकवलेलं नव्हतं. मी साखळी सोडून आत गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर दोघं लाकडाचा भुसा टाकून तेल पुसत होते. तिनं काहीतरी विचारलं. बाबा तिला सांगत होते, "मराठी में खाली मतलब नीचे. और वर मतलब ऊपर." ती म्हणाली, "वर माने दूल्हा नहीं?" पुन्हा हशा. ते तिला माझी भाषा एक एक शब्द करून देत होते, जसे ते मला लहानपणी गाडीत देत. आणि माझ्याशी हिंदीत बोलत होते.

त्यानंतरचे दिवस मी साखळी ओढली, वस्तू दिल्या, नळ्यांना क्लिपा लावल्या. भाषण केलं नाही. कोचिंग क्लासला शिकवायला जात होते तिथं मी मुलांवर ओरडायला लागले. 'ईर्ष्या' हा शब्द वाक्यात वापरा, असा प्रश्न पुस्तकात होता. तो मी गाळला.

इंजिन सुरू झालं ते एका शुक्रवारी सकाळी. डिझेलच्या नळीतली हवा काढायला ती हातपंप दाबत होती. बाबांनी चावी फिरवली. घरघर, मग काहीच नाही. पुन्हा घरघर. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला, सगळी गाडी थरथरली आणि एकदम पकडलं तिनं. आई देवाजवळची वाटी घेऊन आली आणि बॉनेटवर कुंकू लावलं. बाबा गाडीत बसून होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बराच वेळ त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला. मग चावी बंद केली, दार उघडलं, गुडघा हातानं उचलून बाहेर ठेवला आणि उतरले.

चावी त्यांच्या हातात होती. आम्ही दोघी समोर उभ्या होतो. परवा रविवार होता.

त्यांनी चावी तिच्यापुढे धरली.

तिनं लगेच घेतली नाही. माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी तिला घेऊ दिलं असतं तर कदाचित मी थोडी मोठी झाले असते. मी मध्ये हात घातला.

"मला पाहिजे," मी म्हटलं, मराठीत. नियम मोडून.

बाबा चकित झाले नाहीत. "तुला येते काय?" तेही मराठीत आले.

"नाही."

"मग?" त्यांनी भुवया उंच केल्या. "तूच लिहिलं ना मागच्या पत्रकात? मशीन पर पहला हक उसका, जिसके हाथ उसमें काले हुए. मी वाचलं ते फाटकावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

ते माझंच वाक्य होतं. त्यावर मी दोन दिवस घालवले होते. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. माझ्या तळव्यांवर साखळीचे वळ होते, पण ते काळे नव्हते, लाल होते. माझ्याच वाक्यानं मला बाहेर काढलं होतं आणि ते वाक्य चुकीचं नव्हतं, आजही नाही.

"ते खरं आहे," मी म्हटलं. "गाडी रविवारी तिनंच चालवावी. पण मला एक सांगा. तिला गाडी कोणी शिकवली?"

"तिच्या बापानं."

"मग मला काहून नाही?"

ज्या माणसाला मी फाटकावर, पोलिसांसमोर, साहेबांच्या खोलीत कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं, तो माणूस अंगणात उभा राहून चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता. "तू लिहितेस," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं, तुझं काम ते. गाडी काय, कोणीही हाकलते."

"कोणीही नाही. ती हाकलते."

"उत्तर द्या ना," आई दारातून म्हणाली. "का त्याचंही पत्रक काढून राहिले?"

या सगळ्या वेळात ती चाकाजवळ उभी होती. तिला आता किती मराठी समजत होती कोण जाणे. बहुतेक सगळी समजली असावी, कारण तिनं बाबांच्या हातातली चावी काढून घेतली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चाचा, अपन मैदान चलते हैं. मैं पहुँचा देती हूँ, फिर ये सीखे आपसे।" आणि मग चावी माझ्या हातून परत घेतली, कारण मैदानापर्यंत चालवणार तीच होती. तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

कारखान्याच्या वसाहतीमागे मोठं मैदान आहे, जिथं पूर्वी नवे ट्रक तपासायला नेत. तिनं गाडी मधोमध उभी केली आणि उतरली. मी तिच्या जागी बसले. सीट तिच्या अंगानं गरम होती आणि माझ्यासाठी फार मागे होती. शेजारी बाबा चढले, गुडघा सांभाळत. माइकची बॅटरी आज घरी होती.

"डावा पाय," बाबा म्हणाले. "पूर्ण दाब. आता हळूहळू सोड. हळू, बाई, हळू."

गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. परत. परत बंद. तिसऱ्यांदा बाबांनी त्यांचा हात गिअरच्या मुठीवर, म्हणजे माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "इंजिन ऐक. ते सांगते तुला." मी ऐकलं. काहीच सांगत नव्हतं ते. पण गाडी सरकली, आणि सरकत राहिली, आणि मैदानाच्या कडेची झाडं हळूहळू बाजूनं जायला लागली. बाबा मराठीत बोलत होते, सगळं मराठीत, एका वाक्यात तीन-तीनदा तेच. वळव, सरळ घे, अगं ब्रेक नाही, आत्ता ब्रेक नाही.

पहिला फेरा पुरा करून आलो तेव्हा ती मला दिसली. ती चालत मैदानाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली होती, खिशात हात घालून. शिट्टी नाही, दीदी नाही. ती आमच्याकडे पाहत होती, खरं तर गाडीच्या डाव्या बाजूकडे, जिथं बाबा बसले होते. याच मैदानात तिचे वडील ट्रक तपासायचे. याच मैदानात त्यांनी तिला शेजारी बसून शिकवलं असणार, तिच्या हातावर हात ठेवून, असंच ओरडत. ते चेहऱ्यावरचं मी ओळखलं. ओठ बाहेरून हसरे आणि गालाची हाडं ताठ, जणू कोणी आतून दात आवळून धरलेत. तो चेहरा मी महिनाभर घालून फिरले होते आणि आरशात पाहिला होता.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी ज्या पत्रकांवर वाढले त्यांत लिहिलं आहे की ज्याचं गेलं त्याच्या बाजूला उभं राहावं. तिचं खरोखर गेलं होतं, माझं तर नुसतं राहून गेलेलं होतं. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं, शब्दांसकट. मी गाडी तिच्याजवळ थांबवू शकले असते. मागची सगळी जागा रिकामी होती.

"दुसरा टाकू का?" मी बाबांना विचारलं.

"टाक."

मी क्लच दाबला, आणि बाबांचा हात माझ्या हातावरून हलणार नाही इतक्या सावकाश दुसरा गिअर टाकला.